मोटारसायकलचा टायर कधी बदलायचा आणि नवा कोणता घ्यायचा? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, 'कुठल्या कंपनीचा देऊ?' त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जुना कशाने गेला? हवा कमी होती म्हणून, चाक तिरकं होतं म्हणून की कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) सैल होता म्हणून, हे जुन्या टायरवर स्पष्ट दिसतं. ते न बघता टायर भंगारात टाकला तर नवाही त्याच वाटेने जातो. म्हणून खालचे निम्मे प्रश्न जुन्या टायरबद्दल आहेत.

टायर संपला हे नेमकं कशावरून ठरवायचं?

टायरच्या कडेला, नक्षी संपते तिथे 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्या खुणेच्या रेषेत नक्षीच्या खाचेत बघा. खाचेच्या तळाशी रबराचा एक आडवा उंचवटा दिसेल. टायरचा पृष्ठभाग घासत घासत त्या उंचवट्याला टेकला की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणे दुचाकीला ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे.

कायद्याची मर्यादा गाठेपर्यंत थांबू नका. खाचेचं काम पाणी बाहेर फेकणं, आणि एक मिलिमीटरच्या खाचेत पाणी मावत नाही. मे महिन्यात खोली दीडच्या आसपास असेल तर पहिल्या पावसाआधीच टायर बदला. मोजायला व्हर्नियरची मागची पट्टी किंवा साधा डेप्थ गेज पुरतो. मोजताना मधोमध आणि दोन्ही बाजूंना, शिवाय चाक फिरवून निदान तीन ठिकाणी मोजा. एकाच जागी बघून 'अजून चांगलाय' म्हणणाऱ्यांचा टायर बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने गोटा झालेला असतो.

मधला पट्टा सपाट झालाय आणि बाजू नव्यासारख्या आहेत. असं का?

सरळ रस्त्यावर टायरचा फक्त मधला पट्टा टेकतो. पुणे रोड, हैदराबाद रोड, विजापूर रोड असं रोजचं हायवेचं चालणं असेल तर मधोमध झीज होणारच, त्यात गाडीचा दोष नाही. पण थोड्याच किलोमीटरमध्ये मध्य गेला असेल तर हवा जास्त भरली जातेय. 'गाडी हलकी पळते' म्हणून ठरलेल्यापेक्षा आठ-दहा पॉइंट (पीएसआय) जादा हवा ठेवण्याची सवय इथे बऱ्याच जणांना आहे. गाडी हलकी पळते हे खरं, पण टेकणारा भाग अरुंद होतो, ब्रेकची पकड कमी होते आणि पैसे गेलेल्या रबरातलं निम्मं वापरलंच जात नाही.

सपाट झालेल्या टायरवर गाडी वळवताना आधी ती वळायला नको म्हणते आणि मग सपाट भागाची कड ओलांडली की एकदम आत पडते. नक्षी शिल्लक असली तरी हा अनुभव यायला लागला की टायरचे दिवस भरले असं समजा.

दोन्ही बाजू गेल्या आणि मध्य शाबूत आहे?

हवा कमी. दुसरं कारण सहसा नसतं. मागे दुधाचे कॅन, चादरींचे गठ्ठे किंवा भाजीची पोती लादून गाडी चालते आणि हवा मात्र एकट्या माणसापुरतीच असते, तेव्हा हा नमुना दिसतो. अशा टायरची बाजूची भिंत सतत दुमडत राहते, आतले नायलॉनचे दोरे तापतात आणि शेवटी फुगा येतो. फुगा आलेला टायर त्याच दिवशी काढा. त्यावर इलाज नाही.

फक्त एकाच बाजूने घासलाय. चाक तिरकं आहे का?

बहुतेक वेळा होय. चेन टाइट करताना एका बाजूचा नट जास्त फिरवला गेला की मागचं चाक तिरकं बसतं. चिमट्यावर, म्हणजे स्विंग आर्मवर, दोन्ही बाजूंना रेघा असतात. ॲडजस्टरची खूण दोन्हीकडे सारख्याच रेघेवर हवी. जुन्या किंवा पडलेल्या गाडीत या रेघांवर पूर्ण भरवसा ठेवू नका, सुतळीने तपासा.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि हँडल सरळ ठेवा. लांब सुतळी मागच्या टायरच्या मागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या पुढे न्या. ती जमिनीपासून शक्य तितकी उंच ठेवा, फक्त स्टँडला किंवा फूटरेस्टला अडायला नको. सुतळी ताणून हळूहळू आत आणा. मागच्या टायरच्या पुढच्या कडेला ती दोन्ही बाजूंनी नुकती टेकली की थांबा. आता पुढच्या चाकापाशी बघा. पुढे-मागे सारख्याच मापाचे टायर असतील, जसे बऱ्याच शंभर सीसी गाड्यांना असतात, तर सुतळी पुढच्या टायरलाही दोन्हीकडे टेकायला हवी. मागचा टायर जाड असेल तर पुढे दोन्ही बाजूंना सारखं अंतर राहायला हवं. एका बाजूला पाच मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं दिसलं तर ॲडजस्टर नीट करा आणि पुन्हा ताणून बघा.

हे जुळूनही झीज एकाच बाजूला होत असेल तर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेलेत. रोज एकाच बाजूला कॅन लटकवणाऱ्या गाडीचीही झीज अशीच होते. तिथे मेकॅनिक काही करू शकत नाही, वजन दोन्हीकडे वाटायला हवं.

पुढचा टायर हाताला खालीवर लागतो आणि चालताना घूं-घूं आवाज येतो.

टायरवर तळहात हलकेच फिरवा, आधी चाक फिरतं त्या दिशेने आणि मग उलट. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागत असेल तर नक्षीचे ठोकळे तिरके घासलेत. थोडं तिरकेपण पुढच्या ब्रेकमुळे येतंच. पण ठरावीक अंतरावर खळगे पडले असतील तर तीन गोष्टी तपासा.

पहिली, पुढची हवा. मागच्या चाकाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पुढच्याची आठवण पंक्चर झाल्यावरच होते.

दुसरी, कोनसेट. पुढचं चाक जमिनीवरून उचला, शॉकअपची खालची टोकं धरा आणि पुढे-मागे ओढा. 'टक' असा धक्का हाताला लागला तर तो सैल आहे. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर वाट्यांना खड्डे पडलेत. अशा वेळी नुसतं टाइट करून भागत नाही, सेट बदलावा लागतो.

तिसरी, शॉकअपचं तेल. ते वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर प्रत्येक खड्ड्यानंतर चाक दोन-तीनदा उड्या मारतं, आणि टेकेल तिथे रबर खरवडतं.

या तिन्हींपैकी जे बिघडलंय ते आधी दुरुस्त करा, मगच नवा टायर टाका. उलट केलं तर काही महिन्यांत नवा टायरही तसाच घुमायला लागेल.

एकाच जागी चपटा डाग पडलाय.

मागचा ब्रेक जाम करून गाडी घसरवल्याची ती खूण. डाग खोल असेल, आतले दोरे दिसत असतील तर टायर बदला. ब्रेक न दाबताही चाक अडकत असेल तर ड्रम उघडून बघा.

हवा किती ठेवायची? उन्हाळ्यात कमी करायची का?

गाडीच्या चिमट्यावर, चेन कव्हरवर किंवा माहितीपुस्तिकेत आकडे दिलेले असतात, तेच खरे. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा टायर सोसू शकेल अशा कमाल हवेचा असतो, रोज भरायचा नव्हे. ॲक्टिव्हा ६जीचं उदाहरण घ्या: पुढे २२, मागे एकट्याला २९ आणि डबलसीट ३६. डबलसीटला मागे सात पॉइंट जादा लागतात, आणि नेमकं तेच सगळे विसरतात.

उन्हाळ्यात हवा कमी करू नका. सोलापुरात पारा ४२ च्या वर जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं, म्हणून हवा सोडावी असं वाटणं साहजिक आहे. हिशेब करून बघू. सकाळी २० अंशांना २८ पॉइंट भरलेला टायर चालून ५० अंशांना पोचला तर आतला दाब साधारण ३२ होतो. ही वाढ टायर बनवताना धरलेलीच असते. दुपारी ३२ बघून चार पॉइंट सोडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २४ च उरतात. कमी हवेचा टायर जास्त दुमडतो आणि जास्त तापतो, म्हणजे ज्याची भीती होती तेच होतं.

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. पंप दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर तिथवर जाऊन भरली तरी चालेल. आठवड्यातून एकदा पुरे. पंपावरचा काटा दुकानागणिक वेगळा दाखवतो, त्यामुळे स्वतःचा एक छोटा गेज डिकीत असावा. नायट्रोजनने नुकसान नाही, पण रोजच्या दुचाकीला त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याइतका फायदाही नाही.

नक्षी भरपूर आहे, पण भेगा पडल्यात.

रबर वयाने कडक होतं, ऊन आणि हवेतला ओझोन त्याला आणखी घाई करतात. घरात असलेली, कधीमधी वापरली जाणारी दुसरी गाडी याची पहिली बळी असते: किलोमीटर कमी, वय जास्त. भिंतीवर केसासारख्या बारीक रेषा असतील तर लक्ष ठेवा. नख अडकेल अशी भेग असेल किंवा नक्षीच्या खाचेच्या तळाशी चीर दिसत असेल तर बदला. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घ्या आणि दहा वर्षांपुढे कितीही चांगला दिसला तरी वापरू नका. चमक यावी म्हणून टायरला डिझेल, रॉकेल किंवा जुनं ऑइल लावायची पद्धत आहे, ती ताबडतोब बंद करा. त्याने रबर सडतं.

नवा घेताना तारीख कुठे बघायची?

भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतला मिळाला तर उत्तम. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन उन्हाळे काढलेला टायर स्वस्तात मिळाला तरी नको. सोबत आयएसआय खूण बघा, दुचाकीच्या टायरचं मानक आयएस १५६२७ आहे.

८०/१००-१८ ५४पी याचा अर्थ काय?

टायरची रुंदी ८० मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंची. ५४ हा वजनाचा क्रमांक, म्हणजे त्या एका टायरवर २१२ किलोपर्यंत भार चालतो. ४७ ला ही मर्यादा १७५ किलो आहे. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग, 'एल' म्हणजे १२०, 'जे' म्हणजे १००. २.७५-१८ असं जुन्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर रुंदी इंचात आहे. आकड्यांमध्ये रेघेऐवजी 'आर' असेल तर टायर रेडियल, म्हणजे आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे बसवलेला.

माल वाहणाऱ्यांनी वजनाच्या क्रमांकाकडे नीट बघावं. मापाने तोच दिसणारा टायर दोन वेगवेगळ्या क्रमांकांत मिळतो आणि दुकानदार हातात येईल तो देतो. मूळ टायरवर जो क्रमांक होता त्याच्या खाली कधीही जाऊ नका.

मागे जाडा टायर टाकला तर पकड वाढेल का?

आकार बदलल्याने होणाऱ्या तक्रारी इथे इतक्या आहेत की याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. ८०/१००-१८ ची पूर्ण उंची ६१७ मिलिमीटर, १००/९०-१८ ची ६३७. म्हणजे चाक तीन टक्क्यांहून जास्त मोठं झालं. शंभर सीसीच्या इंजिनाला तेवढं गिअरिंग लांब झाल्यासारखं होतं: पिकअप पडतो, ॲव्हरेज पडतो आणि चढावर एक गिअर खाली यावं लागतं. टायर चेन कव्हरला, ब्रेकच्या रॉडला किंवा मडगार्डला घासू शकतो. एकट्याने चालवताना घासत नाही, डबलसीट बसून खड्ड्यात गेलं की घासतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट रिमची. रिमवर १.६०×१८ किंवा १.८५×१८ असा आकडा कोरलेला असतो. ९० च्या टायरला साधारण १.८५ किंवा त्याहून रुंद रिम लागते, १०० ला त्याहूनही जास्त. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जाऊन टोकदार होतो, आणि रस्त्याला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी घटतो. जाड टायर घेऊन पकड कमी झाली, असा तो व्यवहार. १.८५ ची रिम असेल तर ८०/१०० च्या जागी ९०/९०-१८ बसतो आणि त्याची उंची फक्त दोन मिलिमीटरने वेगळी आहे. त्यापुढे जाऊ नका.

कोणती नक्षी, कोणती कंपनी?

एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, जेके या सगळ्यांचे रोजच्या गाड्यांचे टायर चांगले आहेत. योग्य माप, ताजी तारीख आणि नीट हवा असेल तर कंपनीचा फरक फारसा उरत नाही. एकाच कंपनीत मात्र दोन जातींमध्ये मोठा फरक असतो. मायलेजसाठी विकला जाणारा टायर कडक रबराचा असतो, जास्त चालतो आणि ओल्या रस्त्यावर थोडा कमी धरतो. मऊ रबराचा उलट. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर हायवे करणाऱ्याने मागे कडक घ्यावा, पण पुढे पकड बघूनच घ्यावा. निम्म्याहून जास्त ब्रेक पुढचं चाक लावतं आणि तिथे झीजही कमी होते, त्यामुळे तिथे मायलेज वाचवण्यात अर्थ नाही.

शेताकडे जाणारे बटण टायर, म्हणजे उंच सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर, मागतात. कच्च्या, कोरड्या वाटेवर ते छान चालतात. पण पावसाळ्यातली आपली काळी माती इतकी चिकट असते की बटणांमधल्या फटी काही मीटरमध्येच भरून जातात आणि मग बटण काय नि साधा काय, सारखाच घसरतो. डांबरावर हे टायर आवाज करतात आणि लवकर झिजतात. रोज खरोखर कच्ची वाट असेल तरच घ्या. गळीत हंगामात ट्रॉलीतून पडून चिरडलेल्या उसावर कुठलाच टायर धरत नाही, तिथे वेग कमी करणं एवढंच हातात आहे.

ट्यूबलेस घ्यावा का? काट्यांनी हैराण झालोय.

वेडी बाभूळ जिथे जिथे रस्त्याला लागून आहे तिथे ट्यूबलेसच बरा. काटा टोचला तर हवा हळूहळू जाते, घरापर्यंत पोचता येतं. अट एवढीच की रिम ट्यूबलेसची हवी. काही मॅग (अलॉय) व्हीलवर 'ट्यूबलेस' असं लिहिलेलं असतं, तेच बघा. साध्या तारांच्या रिमला प्रत्येक तारेच्या भोकातून हवा जाते, तिथे ट्यूबच लागते.

टोचलेला काटा रस्त्यात उपसू नका. तोच भोक बुजवून असतो.

एका टायरला किती पंक्चर चालतात?

संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. नक्षीच्या भागात, सहा मिलिमीटरपेक्षा लहान भोक असेल तर दुरुस्ती होते. बाजूच्या भिंतीवर होत नाही, कोणी करून दिली तरी घेऊ नका. बाहेरून घातलेली पट्टी घरी पोचण्यापुरती, टिकाऊ काम म्हणजे टायर उतरवून आतून लावलेला मशरूम पॅच. आतून बघितल्यावरच दोरे तुटलेत का तेही कळतं. आत ओतायचं सीलंट बारीक काट्यांवर चालतं, पण पुढे पॅच लावायचा झाला तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर चिकटपणामुळे पॅच धरत नाही.

फक्त मागचा बदलला तर चालेल?

चालेल, पुढचा खरोखर चांगला असेल तर. मागचा साधारण दुप्पट वेगाने झिजतो. पण मागचा घासलेला काढून पुढे लावायचा आणि नवा मागे, हा प्रकार करू नका. मागचं चाक घसरलं तर बरेचदा सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खालीच असतो. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला साधा नायलॉन असंही मिसळू नका, कंपनीने तसंच दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

टायर बसवताना काय बघायचं?

समोर उभे राहा. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला हवा. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळे बाण असतात, नीट वाचा. नव्या टायरला नवी ट्यूब आणि रिमची रबरी पट्टी घ्या. जुनी ट्यूब ताणलेली असते, आत घडी पडते आणि तिथेच फाटते. ट्यूबलेसला व्हॉल्व्ह नवा. रिमचा गंज तारेच्या ब्रशने काढायला सांगा. कडेला साबणाचं पाणी लावावं, ग्रीस किंवा ऑइल अजिबात नको. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ यावा.

हवा भरल्यावर चाक फिरवा आणि रिमलगतची बारीक गोल रेघ बघा. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसायला हवी. कुठे आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा सोडून पुन्हा बसवायला लावा. शेवटी चेनचा ताण, ब्रेक आणि एक्सलचा नट तपासूनच निघा.

नवा टायर घसरतो म्हणतात, खरं का?

खरं. साच्यातून काढताना लागलेला थर वर असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवा, जोराचा ब्रेक आणि खोल वळण टाळा.

रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवलेला, चालेल का?

दुचाकीला नको. वरचा थर सुटला तर तो चाकात अडकतो.

वॉरंटी मिळते का?

बनावटीच्या दोषाला मिळते: फुगा, थर सुटणं, दोरे उघडणं. खड्ड्याने झालेला कट, पंक्चर किंवा कमी हवेची झीज यात येत नाही. दावा मंजूर झाला तरी शिल्लक नक्षीच्या प्रमाणात किंमत धरली जाते. त्यामुळे बिलावर टायरचा नंबर आणि तारीख दुकानातच लिहून घ्या, आणि बिलाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं.